एक खोली, तिघे जण

'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट' ही बाल्टिमोरच्या खून-तपास पथकावरची एनबीसीची मालिका. तिचा 'थ्री मेन अँड अडीना' हा भाग 3 मार्च 1993 रोजी दाखवला गेला. पाठलाग नाही, गोळीबार नाही. जवळजवळ अख्खा भाग चौकशीच्या कोंदट खोलीत घडतो. समोर घोडागाडीवरून फळं-भाजी विकणारा म्हातारा रिझ्ली टकर. संशय 11 वर्षांच्या अडीना वॉटसनच्या खुनाचा. पेंबल्टन आणि बेलिस या दोन डिटेक्टिव्हांच्या हाती फक्त 12 तास. ते गोंजारतात, दरडावतात, पण कबुली मिळत नाही. उलट म्हाताराच दोघांची दुखरी नस दाबतो, आणि तिथे हा भाग नेहमीच्या पोलिसी मालिकांच्या कितीतरी पुढे जातो. बाहेर पडताना टकरच खुनी असल्याची पेंबल्टनची खात्री पटलेली असते, बेलिसची डळमळलेली. हा खून मालिकेत अखेरपर्यंत उलगडत नाही.

लेखक टॉम फोंटाना यांना या भागासाठी एमी मिळाला. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनी पुढे 'गोल्डनआय' आणि 'कसिनो रोयाल' हे बाँडपट केले (या खोलीतला ताण मात्र त्यांत शोधू नये!). टकर साकारणारे मोझेस गन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारले.