अस्थिशस्त्रकर्मानंतरची वेदना : देशोदेशींच्या रीती व आपले कर्तव्य

गुडघ्याचा सांधा बदलून किंवा मोडलेले हाड पट्टी-स्क्रूने बसवून घरी परतलेला रुग्ण पंधरा दिवसांनी आपल्या चिकित्सालयात येतो आणि विचारतो, "वैद्यराज, या वेदनाशामक गोळ्या बंद करून गुग्गुळ सुरू करू का?" उत्तर देण्यापूर्वी इतर देशांतील रीत पाहणे उद्बोधक ठरेल.

अमेरिका व नेदरलँड्स येथील शस्त्रक्रिया झालेल्या अस्थिभंगाच्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. घरी जाताना अफूवर्गीय वेदनाशामक लिहून मिळालेले खुब्याचे रुग्ण अमेरिकेत ७७ टक्के होते, तर नेदरलँड्समध्ये एकही नव्हता. घोट्याच्या रुग्णांत हे प्रमाण अनुक्रमे ८२ व ६ टक्के होते. अस्थिभंग सारखेच असताना एवढा फरक पडतो, याचे कारण चिकित्सकाची सवय व रुग्णाची अपेक्षा यांतच शोधावे लागते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात वेदनेला नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब यांच्या पंक्तीत पाचवे स्थान देण्याचा आग्रह धरला गेला. ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी १९९५ साली संमत झाली. पुढे व्यसनाधीनतेचे व मृत्यूंचे जे संकट ओढवले ते सर्वश्रुत आहे. नेदरलँड्सही यातून पूर्णपणे सुटला नाही. २००८ ते २०१७ या काळात तेथे ऑक्सिकोडोनचा वापर चौपटीहून अधिक वाढला.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुष्कर झाले होते; २०१४च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली. ट्रॅमाडॉल २०१८ साली या कायद्याखाली आले. मात्र डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रुग्ण सर्रास घेतात. आमाशयव्रण व वृक्कहानी हे त्यांचे धोके वृद्धांत विशेष संभवतात.

शस्त्रकर्मजन्य वेदनेची उपेक्षा आपल्या शास्त्रानेही केलेली नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात यष्टिमधुसिद्ध कोमट घृताचे सिंचन सांगितले आहे. तथापि टाके घातलेल्या, आत धातूची पट्टी असलेल्या आजच्या जखमेवर ते जसेच्या तसे योजणे आम्हांस उचित वाटत नाही.

मग वैद्याने काय करावे? प्रथम रुग्णाची सर्व औषधे समोर ठेवून पाहावीत. रक्त गोठू नये म्हणून औषध चालू असल्यास गुग्गुळकल्प वा लसूणकल्प शल्यचिकित्सकाशी बोलल्याविना देऊ नयेत. रक्तस्रावाची भीती असते. एकाच पायाच्या पोटरीस सूज, उष्णता व वेदना असल्यास अभ्यंग-मर्दन कटाक्षाने टाळावे. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. वेदना दिवसेंदिवस उतरणे स्वाभाविक आहे. ती वाढत असेल, सोबत ज्वर वा जखमेतून स्राव असेल, तर शूलघ्न देत न बसता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांसही आमची विनंती आहे. एकाच वर्गाची दोन औषधे निरनिराळ्या नावांनी एका रुग्णाच्या पिशवीत जात नाहीत ना, हे पाहावे. ट्रॅमाडॉल चिठ्ठीविना देऊ नये. वेदना किती दिवस राहील व कशी उतरत जाईल, हे रुग्णास दोन शब्दांत समजावले तर अनेकदा अधिक गोळीची गरजच भासत नाही, असा आमचा अनुभव आहे.