केदारकंठाच्या बर्फात कालूची सोबत

जानेवारीत ऊस कारखान्याला गेला, पाचट सरीत बसवलं, खोडव्याला खत-पाणी दिलं आणि जरा सवड झाली. तेवढ्यात पुण्याचा पुतण्या म्हणाला, "तात्या, कळसूबाई झालं, आता बर्फाचा डोंगर बघायला चला." फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस आम्ही दोघं उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघालो. तो अनुभव सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

डेहराडूनपासून मोटारीनं सुमारे २०० किलोमीटरवर उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांकरी गाव आहे. तिथून पुढं पायवाट. केदारकंठाची उंची सुमारे १२,५०० फूट, म्हणजे आपल्या ५,४०० फुटी कळसूबाईच्या दुपटीहून जास्त.

गाव सोडलं तसं एक काळं, केसाळ कुत्रं आमच्यासंगं चालू लागलं. वाटाड्या म्हणाला, "हा कालू. वर जाणाऱ्यांची सोबत करतो." जात भोटिया. तिकडचे मेंढपाळ हीच कुत्री राखणीला ठेवतात आणि बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात. अंगावर केसांचा दुहेरी थर. आम्ही तंबूत कुडकुडत होतो आणि हा गडी बाहेर बर्फात वेटोळं करून खुशाल झोपला होता!

पहिल्या दिवशी देवदाराच्या रानातून जुडा-का-तालाबला पोचलो. तळं गोठलेलं. दुसऱ्या दिवशी शिखराखालच्या तळावर मुक्काम केला. वाटाड्यानं बजावलं, "पहाटे तीनला निघायचं." उतरत्या हिवाळ्यात रात्री बर्फ गोठून कडक होतो. त्यावर पाय ठरतो. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि उतारावरून बर्फ घसरण्याचं भय वाढतं.

पण मी उठायला कुरकुर केली. चहा, बूट, बुटांखालच्या काटेरी साखळ्या यांत वेळ गेला आणि निघायला सहा वाजले. चूक माझीच.

सुरुवातीला कालू पुढं दुडकत होता. बर्फावर त्याच्या पंजाची नुसती खूण उमटायची. दहाच्या सुमारास शेवटची खडी चढण समोर आली. माथा दिसत होता. तेवढ्यात कालू खाली बसला आणि पंजे चावू लागला. वाटाड्यानं त्याचा पाय उचलून दाखवला. बोटांमधल्या केसांत बर्फाचे सुपारीएवढे गोळे धरले होते. "बर्फ ओला झाला की असे गोळे धरतात. आता वर जायचं नाही."

पुतण्या हिरमुसला. "तात्या, एवढं आलोय. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे!" माझंही मन होईना. पण पाऊल टाकून पाहिलं, तर गुडघ्यापर्यंत आत गेलं. म्हटलं, "चल माघारी. डोंगर कुठं जात नाही." वाटाड्यानं बोटांनी गोळे विरघळवले, तेव्हा कालू उठला. उतरताना आम्ही किती वेळा रुतलो, त्याची गणती नाही. तळावर पोचेपर्यंत दोघांचीही बोलती बंद झाली होती.

बंधूंनो, तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, उताराही घटतो. मग कुणावर चिडून उपयोग नसतो. बर्फाचंही तसंच. वेळ टळली की टळली.

कुणी जाणार असाल तर पहाटे निघा, माहीतगार वाटाड्या घ्या आणि काळा चष्मा विसरू नका, बर्फावरच्या उन्हानं डोळ्यांना इजा होते. घरचं कुत्रं मात्र नेऊ नका, तो वन्यप्राण्यांचा टापू आहे.

सांकरीत कालूला भाकरीऐवजी रोटी घातली. ती खाऊन तो दुसऱ्या दिवशी नव्या मंडळींमागं निघूनही गेला. पुतण्या म्हणतो, पुढच्या वर्षी परत जाऊ. मी म्हटलं, येतो. पण या खेपेला गजर मी लावणार.