चुकीच्या उत्तरांची मजुरी

पहाटे ४.५०
लोखंडी कपाटात दोन गोधड्या टांगलेल्या. मधे माइक. पंखा बंद. कोराडीत नवरात्र आहे. उजाडलं की देवळाकडची गर्दी, हॉर्न, पिपाण्या, मग रेकॉर्डिंग विसरा. ऑनलाइन केसमधल्या रुग्णाच्या बापाचा आवाज शेजारच्या काकांचा. हातातला कागद त्यांनी बाजूला ठेवला. "फवारून आला, अन् तोंडातून फेसच फेस येऊन राह्यला जी!" एका दमात झालं. दोनशेचं पाकीट काका घेत नाहीत. चहा घेतात. पाकीट काकूंकडे जातं.

सकाळी ८.००
पोळ्या, डबा, पोरगी शाळेत. ही सिस्टर सहा वर्षं नागपुरात आयसीयूत होती. आता घरून एमबीबीएसच्या मुलांसाठी ऑनलाइन केसेस बनवते. एका केसचे सहा हजार. केसला आठ-नऊ दिवस जातात. नेट आणि इन्व्हर्टरची बॅटरी तिच्याच खिशातून.

९.३०
पडद्यावर अठ्ठावीस वर्षांचा शेतमजूर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, नाडी ५२. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना अशीच माणसं आजारी पडली, काही दगावली. म्हणून हिचा रुग्ण विष पिऊन येत नाही, फवारून येतो.

प्रश्न : अ‍ॅट्रोपिन किती?

बरोबर उत्तर दोन मिनिटांत लिहून होतं. दिवस खातात ती चुकीची उत्तरं. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. सुरुवातीला तीन अँप्युल. पाच मिनिटांनी छाती तशीच असेल तर दुप्पट, सहा. मग बारा. जो पुन्हा तीनच देतो, त्याला पडदा 'चूक' म्हणत नाही. घड्याळ पुढे सरकतं आणि बाप बोलतो, "साहेब, पाणी थांबूनच नाही राह्यलं." ज्याला जमलं, त्याला थेट पुढचा, अवघड प्रश्न. म्हणजे प्रत्येकाचा रुग्ण थोडा वेगळा. हिशेब करताना ती बोटांवर अँप्युल मोजते. अंगठ्यावर काचेचे जुने व्रण आहेत.

दुपारी १.४०
लाइट गेली. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. ती हसतसुद्धा नाही. भात खाऊन घेते.

३.३०
केस तपासणाऱ्या सरांचा वॉर्डातून फोन. मागे ट्रॉलीचा खडखडाट.
"सिस्टर, याच्या अंगाला वास येत नाही का?"
"येणार ना, सर."
"मग कपडे कुणी काढले?"
ती गप्प. केसमध्ये कुणीच काढले नव्हते. भिजलेले कपडे उतरवायचे, साबणपाण्याने अंग धुवायचं, हातमोजे घालून. नाहीतर कातडीतून विष जातच राहतं. वॉर्डात हे काम तिचंच असे. त्याला कधी कुणी गुण दिले नव्हते, तिनंही दिले नव्हते. आता पहिल्याच पायरीवर दहा गुण टाकले.

संध्याकाळी ६.१५
नऊ मुलांनी केस सोडवून पाहिली. पाच जणांनी नाडी १२० झाली म्हणून घाबरून अ‍ॅट्रोपिन थांबवलं, छाती भरलेली असतानाच. या पाच जणांना परत छातीकडे आणायचं, म्हणजे नवी फांदी. तिचे वेगळे पैसे नाहीत. मी विचारलं, एवढं कशाला? "पाच जण आहेत ना," ती म्हणाली आणि टायपिंग चालू.

रात्री ९.४५
फांदी जुळली. बापाचं एक वाक्य मात्र कमी आहे. तिनं काकूंना मेसेज टाकला, उद्या पहाटे काकांना पाठवता का?
उत्तर लगेच आलं. "पाठवतो. चहात साखर कमी टाक, शुगर आहे त्यांले."