मॅरेथॉन आणि उरलेला आठवडा

या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय होता ‘मॅरेथॉन कशी पूर्ण करावी’. आम्ही आयोजकांना विनंती करून त्यात थोडा बदल करून घेतला. कोणत्या दिवशी किती किलोमीटर धावायचं हे सांगणारे तक्ते आता मोबाइलवर कुणालाही मिळतात. त्या तक्त्यात एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे तुमचा उरलेला आठवडा. ऑफिस, लोकल, मुलांच्या परीक्षा, आईचं पथ्यपाणी, सोसायटीची मीटिंग. आज आपण त्या उरलेल्या आठवड्याबद्दल बोलणार आहोत.

आधी आम्ही कोण, ते सांगतो. आम्ही ठाण्यातले आठ हौशी धावपटू. पहाटे उपवन तलावापाशी भेटतो. आमच्यात बँकेत नोकरी करणारे एक काका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आहेत, रुग्णालयात पाळ्या करणारी एक सिस्टर आहे, बाकी कुणी दुकानदार, कुणी आयटीतले. काही वर्षांपूर्वी एका जुलैमध्ये आम्ही आठही जणांनी ठरवलं, की येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर धावायचं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हातात सहा महिने होते आणि सगळ्यांकडे एकच तक्ता होता. जानेवारीत शर्यतीच्या दिवशी सीएसएमटीला आम्ही पाचच जण उभे होतो. ताई, काका आणि सिस्टर गळले होते. आणि लक्षात घ्या, ते आळशी होते म्हणून गळले नाहीत. आमच्यात सगळ्यात नेमाने धावणारे तेच तिघं होते. असं का झालं, हे समजून घेताना आम्ही जे शिकलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं उदाहरण ताईंचं. त्यांची शाळा सकाळची. घरच्यांचे डबे करून, धावून, सातला वर्गात पोचायचं म्हणून त्या साडेतीनला उठायच्या. रात्री सगळं आवरून झोपायला अकरा वाजायचे. तक्त्यातला एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. नोव्हेंबरमध्ये नडगीच्या हाडावर एका ठरावीक जागी दुखायला लागलं. आठवडाभर त्या बाम लावून धावल्या. शेवटी डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला, तर हाडाला बारीक चीर गेलेली. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो किलोमीटरचा नव्हता. ‘झोपता किती तास?’ ताईंनी हिशेब केला, साडेचार.

आता इथे शरीराचं गणित बघू. धावताना शरीर मजबूत होत नाही. धावताना त्याची झीज होते. मजबुती येते ती नंतर, विश्रांतीत, आणि त्यातही झोपेत. शिवाय शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर साथ देतात. पण कंडरा आणि हाडं यांना महिने लागतात. हाडाचं तर असं आहे, की जास्त भार पडला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. घराच्या दुरुस्तीसारखंच आहे हे. काढणं पटकन होतं, भरायला वेळ लागतो. मधल्या काळात ती भिंत कमजोर असते. नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असतो आणि आपल्याला वाटतं, ‘आता काय, कितीही धावू!’ त्यात झोप कापली, तर भरण्याचं काम करणार कधी? प्रौढ माणसाला सात तास तरी झोप लागते, आणि लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्याला त्याहून कमी पुरेल असं समजायला काहीच आधार नाही.

दुसरं उदाहरण काकांचं. काकांना एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. वजनही उतरवायचं आणि मॅरेथॉनही धावायची. आठवड्याला पन्नास किलोमीटर धावणं आणि रात्री फक्त एक भाकरी. श्रावणातले उपास झाले, पाठोपाठ नवरात्राचे नऊ दिवस. वजन भराभर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग उलटं सुरू झालं. वेग कमी होत गेला, चिडचिड वाढली, सतत थंडी वाजायची, आणि एके दिवशी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली.

हिशेब सोपा आहे. धावताना साधारण एका किलोमीटरला शरीराच्या एका किलोमागे एक कॅलरी खर्च होते. साठ किलोचा माणूस पूर्ण मॅरेथॉनमध्ये अडीच हजार कॅलरी वापरतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपासच असते. म्हणून तर तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकदम जड होतात. मुंबईत आम्ही धावलो तेव्हा पेडर रोडचा चढ याच सुमारास, शेवटच्या टप्प्यात यायचा, आणि तिथे चालत जाणाऱ्यांची रांगच लागायची. ही झाली एका दिवसाची तूट. पण रोजच खर्चापेक्षा कमी खाल्लं, तर शरीर कारखान्याचे एकेक विभाग बंद करायला लागतं. हाडांची डागडुजी, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, बायकांमध्ये मासिक पाळी. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला वेगळं नाव दिलं आणि ती पुरुषांनाही होते हे स्पष्ट केलं. धावणाऱ्या बाईची पाळी थांबली तर ते ‘सराव चांगला चाललाय’ याचं लक्षण नाही. डॉक्टरांकडे जाण्याचं कारण आहे.

म्हणून वजन कमी करायचं असेल तर ते सरावाच्या आधीच्या महिन्यांत, सावकाश करावं. मोठ्या अंतराच्या महिन्यांत पोटभर जेवावं. त्यासाठी महागडे डबे नकोत. पहाटे केळं, आल्यावर पोहे किंवा उपमा आणि सोबत अंडं, दूध नाहीतर मोडाची उसळ; जेवणात भात-पोळी, वरण, पालेभाजी, दही. शाकाहारी मंडळींनी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये, कारण त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. कडक उपास असेल त्या दिवशी धावणं बंद. देवही रागावत नाही आणि तक्ताही.

तिसरं उदाहरण सिस्टरचं. रात्रपाळ्यांमुळे तिचे चार दिवस चुकले. ते तिने पुढच्या आठवड्यात ‘भरून काढले’. त्यात व्हायरल ताप आला. गोळी घेतली, ताप उतरल्यासारखा वाटला, आणि रविवारी ती अठ्ठावीस किलोमीटर धावली. पुढे जिना चढतानाही छातीत धडधड. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल अशी शंका डॉक्टरांना आली. तपासण्यांत सुदैवाने तसं काही निघालं नाही, पण दीड महिना धावणं बंद झालं. स्वतः नर्स असून ती म्हणाली, ‘दुसऱ्या कुणाला मी हे करू दिलं नसतं.’

आपल्याकडे सराव ऐन पावसाळ्यात सुरू होतो, म्हणजे तापाच्या साथींच्या काळात. आमचा नियम आता साधा आहे. नुसतं नाक वाहत असेल तर हळू धावा किंवा चाला. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर नाही म्हणजे नाही. ताप गोळीशिवाय उतरून काही दिवस जाईपर्यंत बूट बाहेर काढायचे नाहीत. छातीत दुखणं, धावताना चक्कर किंवा घरात कमी वयात हृदयविकाराची उदाहरणं असतील, तर तक्ता हातात घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.

पाण्याबद्दलही एक सांगायला हवं. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी आढळलं होतं. तहान लागेल तसं प्यावं, हेच बरं.

आता या तिघांची गोष्ट एकत्र बघा. तिघांनीही वेगवेगळ्या खात्यांतून काढून धावण्याच्या खात्यात भरलं. एकीने झोपेतून, एकाने जेवणातून, एकीने आजारपणाच्या विश्रांतीतून. काकांचेच शब्द वापरायचे तर, ‘खाती चार दिसतात, पण तिजोरी एकच असते.’ लोकलमध्ये दीड तास उभं राहणं, मार्चएंडचा ताण, बाळाची रात्रीची रडारड, हे सगळं त्याच तिजोरीतून जातं. शरीर ‘हा ऑफिसचा थकवा, हा धावण्याचा’ अशी वेगळी पावती फाडत नाही.

मग वेळ आणायचा कुठून? आमचं उत्तर आहे, सराव कमी करून. पुढच्या वर्षी आम्ही आठवड्याला सहाऐवजी चार दिवस धावायला लागलो. मंगळवारी पाऊण तास, गुरुवारी तासभर, शनिवारी अर्धा तास अगदी सावकाश, आणि रविवारी लांब पल्ला. मधल्या दोन दिवशी घरीच वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. बहुतेक धावणं अशा वेगाने, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात. वेगाने धावणं आठवड्यातून एकदाच. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी. एवढ्यात मॅरेथॉन होते? होते. आपली मजल तेवढी नाही हे मान्य करून एक उदाहरण देतो. जपानचे युकी कावाउची २०१८ साली थंडीपावसात बोस्टन मॅरेथॉन जिंकले, तेव्हा ते सरकारी नोकरी करत होते, एका शाळेच्या कार्यालयात. बाकीचे व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा धावत, हे कामामुळे बहुतेक दिवस एकदाच धावत.

आणि एखादा आठवडा चुकलाच तर? चुकलेलं भरून काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. एक आठवडा गेला तर तक्ता आहे तिथून पुढे चालू. दोन गेले तर दोन पायऱ्या खाली येऊन सुरू. महिना गेला तर पूर्ण मॅरेथॉनऐवजी अर्धी, किंवा पुढचं वर्ष.

एक विषय राहिला, आणि तो तक्त्यात कधीच नसतो. तुमच्या धावण्याची किंमत घरात कोण मोजतं? आमच्यातले पुरुष रविवारी पाच तास बाहेर असत आणि आल्यावर दुपारी झोपत. घरचं कुणीतरी ते निमूट सांभाळत होतं. ताईंकडे मात्र सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून त्या साडेतीनला उठत होत्या. पाय मोडल्यावर त्यांचे यजमान आमच्यापाशी म्हणाले, ‘डबे मला करता येतात हो, मला कधी विचारलंच नाही.’ ताई म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?’ आम्ही सगळेच गप्प झालो. आता आमच्याकडे जुलैत तक्ता करायच्या आधी घरात बसून बोलणं होतं. रविवार कुणाचा, सकाळ कुणाची, हे आधी ठरतं, किलोमीटर नंतर.

शेवटी एक खरं सांगायला हवं. आरोग्यासाठी मॅरेथॉनची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. रोज झपाझप चालूनही यातला मोठा भाग भागतो. त्यापुढचं सगळं हौस आहे. हौस असावी, आम्हालाही आहे. पण हौस आणि आरोग्य यांच्यात ओढाताण झाली, तर सरकायचं कुणी, हे आधीच ठरवून ठेवा. शर्यत सरकू शकते, ती पुढच्या जानेवारीत परत येते.

तिघांचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. ताई दोन वर्षांनी पूर्ण मॅरेथॉन धावल्या, सहा तासांच्या आत, सात तासांची झोप घेऊन. सिस्टर अर्धीच धावते आणि तेवढंच पुरे म्हणते. काकांनी शर्यती सोडल्या. ते रोज सकाळी उपवनला चालायला येतात, आमच्यासाठी केळी आणतात, आणि आम्ही रविवारी किती वाजता झोपलो होतो याची चौकशी करतात. आमचे प्रशिक्षक आता तेच आहेत.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.