तापाची गोळी मागण्याआधी

सकाळच्या पंचवटीने नाशिकला कॉलेजला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा मनमाडमधल्या अनेक मुलामुलींचा दिनक्रम. अंग तापले तर दवाखान्यात बसायला वेळ नसतो आणि डॉक्टरच्या फीचे पैसे घरी मागायला संकोच वाटतो. मग मेडिकलवर "तापाची द्या" म्हणायचे, नाहीतर मैत्रिणीकडच्या उरलेल्या दोन गोळ्या घ्यायच्या. ताप उतरतो, पण तो कशाचा होता हे कळतच नाही.

आपल्या गावात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी येत नसे. वाघदर्डी धरण आटले की दिवस आणखी लांबायचे. म्हणून घरोघरी टाक्या आणि पिंपे भरून ठेवायची सवय आहे. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. इथला ताप "हवा बदलली" म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. त्यात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते. पाकिटावर तसे लिहिलेले असते, आपण वाचत नाही. नुसते पॅरासिटामॉल चालते, तेही मापात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम घेतल्या तर डोस जास्त होतो आणि यकृताला इजा होऊ शकते.

ज्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. अँटिबायोटिक त्यातलेच. डेंग्यू आणि साधी सर्दी विषाणूमुळे होते, त्यावर ते चालत नाही. उगाच घेत राहिलो तर जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध हरते.

"मित्राला लागू पडली" हा काही पुरावा नव्हे. ऐकीव आहे म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. औषधालाही हाच नियम लावू या.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर तिसऱ्या दिवशी गोळी न बदलता रक्त तपासून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मनमाडला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही, तो आपला हक्क आहे.

डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोटात जोराचे दुखणे, थांबत नसलेली उलटी, नाका-हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातले एक जरी दिसले तरी रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

आई-बाबांनो, मुलांना एवढेच सांगा: "फीचे आम्ही बघू, तू ताप लपवू नकोस." आणि आजच टाकी-पिंपांवर घट्ट झाकण किंवा कापड बांधा.