वस्तुसंग्रहालयातील मोजदाद व भांडारव्यवस्था : अर्थसाहाय्याचा विचार

कोणत्याही वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकाच्या दृष्टीस जे पडते ते त्या संग्रहालयाचे सर्वस्व नसते. दालनांतील काचेच्या कपाटांमागे, जिन्याखालच्या खोलीत, माळ्यावर किंवा आवारातील एखाद्या कोठीत कितीतरी वस्तू ठेवलेल्या असतात. या वस्तू किती आहेत, कोणत्या आहेत, कोठे आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या संस्थेपाशी आहेत तिच्यापाशी संग्रह आहे असे म्हणता येईल. ज्या संस्थेपाशी ती नाहीत तिच्यापाशी केवळ साठा आहे. साठ्याचे संग्रहात रूपांतर करणाऱ्या दोन क्रिया म्हणजे मोजदाद व भांडाराची योजना. या दोन्ही क्रियांना पैसा लागतो, आणि नेमका याच कामासाठी तो मिळणे सर्वांत कठीण जाते. असे का होते व त्यावर उपाय कोणता, याचा विचार मुंबईच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

मुंबईतील पहिल्या वस्तुसंग्रहालयाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल व कारागिरीच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती येथेच ठेवून घेऊन त्यांतून सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाचा आरंभ झाला. संग्रहाला जागा मिळाली ती कोटातील टाऊन बॅरॅक्समध्ये. पुढे १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्यात पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. संग्रहालयाला स्वतःच्या हक्काचे भांडार नसले म्हणजे काय होते, याचा हा मुंबईतील पहिला धडा होय.

उरलेल्या वस्तू सावरण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आले. संग्रहालयाला स्वतंत्र इमारत मिळावी म्हणून गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी जमविली, आणि १८६२ च्या नोव्हेंबरात सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्यास पायाभरणी झाली. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, १८६५ साली शेअरबाजार बुडाला, आणि इमारतीचे काम अडले. अखेरीस सरकारी मदतीने ते पुरे होऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. हा वृत्तांत सर्वपरिचित आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ज्या वर्षी पाया घातला गेला त्याच १८६२ साली बर्डवुड यांनी संग्रहातील वनस्पतिजन्य मालाची सूची छापून प्रसिद्ध केली होती. म्हणजे इमारत उभी राहण्याच्या दहा वर्षे आधी यादी तयार होती. पैशाअभावी भिंती अर्धवट राहिल्या, तरी सूची अभ्यासकांच्या हाती पडलेली होती.

येथे तीन संज्ञांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तू संस्थेच्या मालकीत आली म्हणजे तिला क्रमांक देऊन दाता, दिनांक व मिळण्याचा मार्ग लिहून ठेवणे ही दाखलनोंद होय. नोंदवहीत असलेली प्रत्येक वस्तू प्रत्यक्षात आहे काय, आणि प्रत्यक्षात असलेली प्रत्येक वस्तू वहीत आहे काय, हे दोन्ही दिशांनी पडताळून पाहणे म्हणजे मोजदाद. वस्तूचा काळ, शैली, कर्तृत्व व महत्त्व यांचा अभ्यासपूर्ण निर्णय करणे ही वर्णनात्मक सूची. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची प्रा. ह. दा. वेलणकर यांनी केलेली सूची ही या तिसऱ्या प्रकारची होय. अशा सूचीला विद्वान लागतो आणि वर्षे लागतात. मोजदादीला मुख्यतः शिस्त लागते. वर्णनात्मक सूची हातून होत नाही म्हणून मोजदादही लांबणीवर टाकणे ही स्थानिक संग्रहालयांतील सर्वसामान्य चूक आहे.

मोजदादीचे महत्त्व केवळ अंतर्गत व्यवस्थेपुरते मर्यादित नाही. सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या व्यापारास आळा घालणारा युनेस्कोचा करार १९७० साली झाला व भारताने तो १९७७ साली मान्य केला. संग्रहालयातून चोरीस गेलेली वस्तू दुसऱ्या सदस्य राष्ट्राने आयात होऊ देऊ नये, असे त्याच्या सातव्या कलमात सांगितले आहे. परंतु ती वस्तू त्या संस्थेच्या यादीत नोंदलेली असली पाहिजे, अशी अट तेथेच घातलेली आहे. याचा अर्थ उघड आहे. जी वस्तू वहीत नाही ती चोरीस गेली हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि आले तरी ती आपली आहे हे सिद्ध करता येत नाही.

मालकीचा व स्थानाचा प्रश्न कधी कधी अधिक गुंतागुंतीचा असतो. १९३१ साली परळ येथे रस्त्याचे काम चालू असता सहाव्या शतकाच्या सुमाराचे भव्य शैव शिल्प सापडले. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे; त्याचा प्लास्टरचा ठसा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ वस्तू कोणाची, प्रतिकृती कोणाची, कोणाची देखभाल कोणाकडे, हे सारे नोंदीतच स्पष्ट असावे लागते. असे प्रसंग ध्यानात घेऊन नोंदीच्या तक्त्यात वस्तूची कायदेशीर स्थिती हा स्वतंत्र रकाना ठेवणे इष्ट ठरते.

आता भांडाराविषयी. मुंबईची हवा संग्रहाला अनुकूल नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवेतील ओलाव्यामुळे कागदावर व कापडावर बुरशी चढते, लोखंड गंजते, लाकूड फुगते; कसर व वाळवी यांचा उपद्रव तर बाराही महिने असतो. त्यातच दादर व परळ यांमधील हिंदमातेसारखा भाग सखल असल्याने मोठ्या पावसात तेथे पाणी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच दिवशी कुलाब्यास ती शंभर मिलिमीटरच्या आतच राहिली. एकाच शहरात इतके अंतर पडत असल्यामुळे भांडाराची योजना सबंध शहराच्या सरासरीवरून न करता त्या इमारतीच्या, किंबहुना त्या खोलीच्या, निरीक्षणावरून करावी लागते. तळघर व तळमजला टाळावा तर वरच्या मजल्याची तुळई वजन पेलेल काय हे तपासले पाहिजे. पोटमाळ्यावर ठेवावे तर छपराची गळती व उन्हाची धग यांचा विचार केला पाहिजे.

रोम येथील इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोच्या सहकार्याने लहान संग्रहालयांसाठी भांडार-पुनर्रचनेची एक पद्धती तयार केली आहे. तीत व्यवस्थापन, इमारत व जागा, संग्रह, आणि मांडण्या व लहान उपकरणे अशा चार अंगांनी परीक्षण करावयाचे असते. चांगल्या भांडाराच्या तिने सांगितलेल्या कसोट्या फारच सुबोध आहेत. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे. ती काढताना दोनांहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. कोणतीही वस्तू थेट जमिनीवर असू नये. या कसोट्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. वस्तूचा पत्ता मात्र लागतो, आणि तो मोजदादीतूनच मिळतो. उलट, वस्तूंचा आकार व प्रकार ठाऊक असल्याशिवाय मांडण्या किती व कोणत्या घ्यावयाच्या हे ठरविता येत नाही. म्हणून ही दोन कामे एकाच योजनेची दोन अंगे मानली पाहिजेत. मोजदादीपूर्वी कपाटे विकत घेणे म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणे होय.

मग या कामाला पैसा का मिळत नाही? पहिले कारण असे की त्याचे उद्‌घाटन करता येत नाही. दालनावर दात्याच्या नावाची पाटी लागते, नोंदवहीवर लागत नाही. दुसरे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. अनुदान देणाऱ्या संस्था इमारत, उपकरणे यांसारख्या भांडवली खर्चास सहज राजी होतात. मोजदादीचा बहुतेक खर्च मात्र मनुष्यबळावर होतो, आणि पगार म्हणजे नेहमीचा खर्च, तो संस्थेने आपला आपण भागवावा, अशी समजूत असते. तिसरे कारण संस्थांच्या बाजूचे आहे. मोजदाद केली तर काय गहाळ झाले आहे ते बाहेर येईल, या धास्तीने पुष्कळ विश्वस्त तो विषयच काढीत नाहीत. चौथे कारण असे की अर्ज करताना कामाचे परिमाण सांगितले जात नाही. ‘संग्रहाच्या जतनासाठी साहाय्य’ या मोघम शब्दांवर कोणीही रक्कम मंजूर करीत नाही.

हे शेवटचे कारण दूर करणे पूर्णपणे संस्थेच्या हाती आहे. उदाहरणादाखल दहा हजार वस्तूंचे एक स्थानिक संग्रहालय कल्पावे. दोघांच्या एका गटाने दिवसाला २५ वस्तूंचे माप, छायाचित्र, स्थितीची नोंद व क्रमांकन केले, तर ४०० कामाचे दिवस लागतील. वर्षाला २४० दिवस काम धरल्यास हा काळ वीस महिन्यांचा होतो. परंतु गती २५ ऐवजी १८ पडली तर दिवस ५५६ होतात, म्हणजे सुमारे दोन वर्षे चार महिने. एवढा फरक अंदाजपत्रक कोलमडून टाकण्यास पुरेसा आहे. यासाठी अर्जापूर्वीच संग्रहाच्या निरनिराळ्या भागांतून दोनशे वस्तू निवडून चाचणी घ्यावी व खरी गती काढावी. शिवाय काम दोन टप्प्यांत विभागावे. पहिल्या टप्प्यात केवळ क्रमांक, नाव, एक छायाचित्र व ठिकाण एवढेच नोंदावे. दिवसाला शंभर वस्तू झाल्या तर शंभर दिवसांत सबंध संग्रहाची प्राथमिक यादी हाती येते. दुसरा टप्पा पैशाअभावी रखडला तरी पहिल्याचे फळ वाया जात नाही. अंदाजपत्रकात मनुष्यदिवस, आम्लरहित कागद व पेट्या, मांडण्या, छायाचित्रण, संगणकावरील नोंदीची दुसरी सुरक्षित प्रत आणि वार्षिक फेरतपासणी ही शीर्षके स्वतंत्र दाखवावीत.

निधीचे मार्ग आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या संग्रहालय-अनुदान योजनेत वस्तूंच्या अंकीय नोंदींना स्थान देण्यात आले. अशा नोंदींसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅकने तयार केली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमान्वये ठराविक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी असे ठरले, आणि त्या कार्यांच्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. भायखळ्याच्या संग्रहालयाचा जीर्णोद्धार २००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व इंटॅक यांच्या त्रिपक्षीय करारातून हाती घेण्यात आला आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. सार्वजनिक मालकी, खाजगी निधी व तज्ज्ञांचे मार्गदर्शन यांची सांगड कशी घालता येते, याचा तो वस्तुपाठ आहे. लहान संस्थांनी त्यापासून घ्यावयाचा बोध रकमेचा नसून रचनेचा आहे. जबाबदाऱ्या लेखी वाटून घेतल्या म्हणजे दात्याला विश्वास वाटतो. एकाच मोठ्या दात्याची वाट पाहण्यापेक्षा वस्त्रे, छायाचित्रे, कागदपत्रे असे संग्रहाचे गट पाडून प्रत्येक गटासाठी निराळा साहाय्यकर्ता शोधणेही शक्य आहे. मात्र प्रत्येक देणगीचा काही अंश कायम निधीत टाकण्याची अट संस्थेने स्वतःवर घालून घ्यावी. दरसालच्या फेरतपासणीचा खर्च त्याच्या व्याजातून भागला नाही तर यादी पाच वर्षांत जुनी होते.

या प्रश्नाला मध्य मुंबईत काळाची एक विशेष मर्यादा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे जीवन पालटले. परळ-लालबागच्या चाळींतून, व्यायामशाळांतून, भजनी मंडळांतून व गणेशोत्सव मंडळांच्या कपाटांतून त्या जीवनाच्या खुणा अद्याप आढळतात : धोटा, कांडी, गिरणीचा बिल्ला, खानावळीचे हिशेबाचे पुस्तक, संघटनेची पावती. अशा वस्तू संग्रहालयाकडे आल्या तरी त्या स्वतः बोलत नाहीत. हा धोटा कोणत्या खात्यातला, हा बिल्ला कोणत्या पाळीचा, या पितळी डब्यावरील खूण कोणत्या खानावळीची, हे सांगणारा माणूस लागतो. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. नोंदीच्या तक्त्यात ‘माहिती सांगणाऱ्याचे कथन’ हा रकाना असेल आणि तो आज भरला जाईल, तर वस्तू पुरावा ठरेल. दहा वर्षांनी तीच वस्तू केवळ लाकडाचा तुकडा राहील. इमारतीचा निधी दहा वर्षे उशिरा मिळाला तर इमारत दहा वर्षे उशिरा उभी राहते. नोंदीच्या निधीला असा उशीर परवडत नाही, कारण त्या अवधीत जे जाते ते पुढे कितीही द्रव्य खर्चून परत आणता येत नाही.

तात्पर्य, स्थानिक संग्रहालयाने अर्थसाहाय्य मागताना क्रम उलटा लावणे आवश्यक आहे. आधी दोनशे वस्तूंची चाचणी, मग प्राथमिक यादी, तिच्या आधाराने भांडाराचा आराखडा, आणि त्यानंतर दालनांचा विस्तार. भायखळ्याच्या संग्रहालयाची सूची त्याच्या इमारतीच्या दहा वर्षे आधी छापली गेली. तेव्हा ते परिस्थितीने घडले असेल. आज ते बुद्धिपुरस्सर घडविले पाहिजे. विद्यापीठांच्या इतिहास, पुरातत्त्व व ग्रंथालयशास्त्र विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या कामात प्रत्यक्ष अनुभवाचे उत्तम क्षेत्र मिळेल. संग्रहालयांनी त्यांना योग्य मानधन द्यावे व विभागांनी त्या कामाला अभ्यासक्रमात स्थान द्यावे, असे झाले तर खर्चाचा मोठा भाग आणि प्रशिक्षणाची उणीव हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटण्याच्या मार्गाला लागतील.