'डेज ऑफ फ्युचर पास्ट' : जुन्या चुका पुसायला मागे गेलेला सिनेमा

वर्षानुवर्षं चालणाऱ्या सिनेमालिकांचं एक दुखणं असतं. पात्रं वाढत जातात, कथानकात गाठी पडतात आणि घाईघाईनं मारून टाकलेलं पात्र पुढे हवंसं वाटू लागतं. 'एक्स-मेन'चं नेमकं हेच झालं. २००६ च्या 'द लास्ट स्टँड'मध्ये सायक्लॉप्स, प्रोफेसर एक्स आणि जीन ग्रे या तिघांचाही एकाच भागात निकाल लावला गेला. त्यावरचा उतारा म्हणजे २०१४ चा सातवा भाग, ब्रायन सिंगर दिग्दर्शित 'डेज ऑफ फ्युचर पास्ट'.

कथा काय?

साल २०२३. सेंटिनेल नावाचे यंत्रमानव म्युटंटांना, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती लाभलेल्यांना, शोधून मारतायत. या यंत्रांचा जनक बोलिव्हर ट्रास्क. १९७३ मध्ये मिस्टिकनं त्याचा खून केला आणि त्यामुळेच घाबरलेल्या सरकारनं सेंटिनेलना मान्यता दिली. तो खून टाळायला वूल्व्हरिनला मागे धाडलं जातं. शरीर नाही, फक्त मन. तेही त्याच्याच तरुणपणीच्या देहात. १९८१ च्या मूळ कॉमिकमध्ये हे काम किटी प्राइड करते. सिनेमात वूल्व्हरिन जातो, कारण इतक्या लांबच्या प्रवासात इतरांच्या मनाच्या चिंधड्या होतील. त्याच्या जखमा मात्र आपोआप भरतात.

काय जमलंय?

काळप्रवास इथे फक्त दार उघडून देतो, प्रश्न सोडवत नाही. १९७३ चा चार्ल्स झेव्हियर खचलेला आहे. पायांवर उभं राहता यावं म्हणून तो औषध घेतो आणि त्यापायी मन वाचायची शक्ती गमावून बसतो. शेवटी मिस्टिकच्या मनावर ताबा मिळवणं त्याला शक्य असतं, तरी तो निर्णय तिच्यावर सोपवतो. बंदूक खाली ठेवायची की नाही, हे तीच ठरवते. सिनेमाचा खरा जीव इथे आहे. पेंटॅगॉनच्या स्वयंपाकघरातला क्विकसिल्व्हरचा प्रसंग तर आजही पुन्हा पुन्हा बघावा असा.

काय खटकतं?

२०१३ च्या 'द वूल्व्हरिन'मध्ये वूल्व्हरिनचे धातूचे पंजे तुटले होते. इथे २०२३ मध्ये ते पुन्हा शाबूत दिसतात, खुलासा काहीच नाही. सगळ्यात वेगवान क्विकसिल्व्हरला एका कामगिरीनंतर घरी पाठवून देतात, तेही पटत नाही.

मोठा प्रश्न मात्र वेगळा आहे. शेवटी जीन आणि सायक्लॉप्स जिवंत दिसतात, बघताना बरंही वाटतं. पण मरण परत फिरवता येतं म्हटल्यावर पुढच्या मरणाचं भय ते काय उरणार? आणि पाटी कोरी करून मालिकेनं लिहिलं काय? 'लास्ट स्टँड'च्या लेखकांपैकी एक असलेल्या सायमन किनबर्गनंच २०१९ मध्ये 'डार्क फीनिक्स'मधून जीनची तीच कहाणी पुन्हा सांगितली, आणि तीही फसली.

म्हणून निकाल असा: सिनेमा म्हणून हा मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक, दुरुस्ती म्हणून अर्धवट. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी आधी २००० ते २००६ चे तीन भाग आणि २०११ चा 'फर्स्ट क्लास' बघावा. नाहीतर शेवटच्या दृश्यात गंमत कसली, तेच कळायचं नाही.